'चिल आउट'मधली सॅम्पल्स एकमेकांच्या अंगावर का येत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: केएलएफ या ब्रिटिश जोडीचा १९९० सालचा 'चिल आउट' हा अल्बम ऐकला. ४४ मिनिटांत एल्व्हिस, फ्लीटवूड मॅक, तुवाचे कंठगायक, रेल्वे, मेंढ्या, रेडिओवरचा प्रवचनकार असं बरंच काही येऊन जातं, तरी खिचडी होत नाही. स्वतः रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा तसाच ४० मिनिटांचा सलग तुकडा लॅपटॉपवर जोडायला घेतला, तर दहाव्या मिनिटाला बाजार भरतो. चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा चूक पहिल्याच पायरीवर असते. 'चिल आउट' सॅम्पल्सवर, म्हणजे दुसरीकडून उचललेल्या आवाजाच्या तुकड्यांवर, उभा आहे असं समजून लोक आधी सॅम्पल्स गोळा करतात, ती टाइमलाइनवर मांडतात आणि उरलेल्या फटींत पॅड (सिंथचे लांब टिकणारे सूर) भरतात. रेकॉर्डची बांधणी याच्या उलट आहे. तळाला मोजक्या सुरांचा एक थर सतत चालू असतो आणि सॅम्पल्स त्यावरून जातात. गाडीच्या काचेतून गावं मागे पडावीत तशी ती येतात आणि निघून जातात, एकही मुक्काम करत नाही. म्हणून आधी तळ पुरा ४० मिनिटांचा करा. त्यात एकही सॅम्पल नसताना तो ऐकवतो का ते बघा, आणि मगच पुढे जा.

रेकॉर्ड कसा झाला हे माहीत असलं की बरंच उलगडतं. बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी यांनी तो कॉटीच्या लंडनमधल्या घरातल्या 'ट्रान्सेंट्रल' स्टुडिओत केला. सामान म्हणजे दोन डॅट मशीन (डिजिटल टेप रेकॉर्डर), एक टर्नटेबल, कॅसेट डेक आणि १२ चॅनलचा मिक्सर. सगळं एका दमात, थेट टेपवर. मध्ये कापाकापी नाही. शेवटाजवळ चूक झाली तर सगळं पुन्हा मांडून पहिल्यापासून सुरुवात. या पद्धतीचा परिणाम थेट ऐकू येतो. दोन माणसांना चार हात, त्यामुळे एका वेळी हलणाऱ्या गोष्टी दोन-तीनच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० ट्रॅक उघडता येतात आणि सगळ्यांवर ऑटोमेशन (आपोआप होणारे बदल) टाकता येतं. खिचडी तिथेच शिजते.

आणखी एक तांत्रिक बाब. त्या काळातला अकाईचा एस९०० सॅम्पलर १२ बिटचा होता आणि पूर्ण दर्जाला जेमतेम पावणेबारा सेकंदांचा आवाज साठवायचा. मिनिटभर चालणारं गाणं किंवा गाडीचा आवाज त्यात मावत नाही. लांब तुकडे तबकडीवरून, कॅसेटवरून, डॅटवरून वाजवायचे आणि फेडरने (मिक्सरवरच्या आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीने) आत-बाहेर करायचे, हाच व्यवहार्य मार्ग होता. म्हणजे आज ज्याला आपण सॅम्पलिंग म्हणतो त्यापेक्षा हे डीजेच्या मिक्सिंगच्या जवळचं काम आहे. लंडनच्या 'हेवन' क्लबात 'लँड ऑफ ऑझ' रात्रीच्या वेळी ॲलेक्स पॅटरसन आणि कॉटी नाचून दमलेल्यांसाठी वेगळ्या खोलीत जे वाजवत, त्यातूनच ही सवय आलेली.

आता सुराकडे.

हाउस या क्लबातल्या नाचाच्या संगीतात ठेका सगळ्यांना बांधून ठेवतो. चार ठोके पक्के असले की वर थोडं बेसूर चाललं तरी कान माफ करतो. 'चिल आउट'मध्ये ठेका जवळजवळ काढूनच टाकला आहे. वेगाची कटकट गेली, पण सूर उघडा पडला. मैफलीत तबला थांबून नुसता तानपुरा उरल्यावर गायकाचा कणभर हललेला स्वरही कळतो, तसंच हे.

म्हणून तळासाठी तीनच स्वर धरा. समजा काळी-पांढरीच्या भाषेत डी हा तुमचा सा. मग जी हा मध्यम आणि ए हा पंचम. पहिली १४ मिनिटं डी-ए, मधली १३ मिनिटं जी-डी, शेवटी पुन्हा डी-ए. एवढा बदल ४० मिनिटांना पुरतो. तळात गंधार ठेवू नका, ना शुद्ध ना कोमल. मेजरमधलं गाणं आलं तर ते स्वतःचा शुद्ध गंधार घेऊन येतं आणि मायनरमधलं कोमल. तळात आधीच एक गंधार बसलेला असेल तर निम्म्या सॅम्पल्सशी त्याचं भांडण ठरलेलंच. नुसता सा-प असेल तर दोन्ही खपतात.

तळ एकसुरी होऊ नये म्हणून तीन लूप (पुन्हापुन्हा फिरणारे तुकडे) वेगवेगळ्या लांबीचे घ्या, उदाहरणार्थ ४७, ६१ आणि ७३ सेकंद. या आकड्यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे तिघं पुन्हा एकत्र जुळायला ५८ तास लागतील. ४० मिनिटांत तीच रचना दोनदा येणार नाही, आणि तुम्हाला हाताने काही हलवायची गरज पडत नाही. लूपच्या टोकांना २ ते ३ सेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरत असताना दुसरा चढवा. इथे एक बारकावा आहे: दोन वेगळ्या आवाजांच्या क्रॉसफेडला मध्यावर दोन्ही ३ डेसिबलने खाली हवेत, पण एकाच टिकलेल्या स्वराचे दोन भाग जोडत असाल तर मध्यावर दोन्ही ६ डेसिबलने खाली ठेवून बघा. नाहीतर दर ४७ सेकंदांनी तळ फुगल्यासारखा वाटतो आणि लूप उघडा पडतो.

प्रत्येक सॅम्पलचा सूर शोधायची रीत साधी आहे. त्यातला दोन सेकंदांचा लांबलेला स्वर निवडा, तो लूपवर ठेवा आणि ट्यूनर किंवा तानपुऱ्याचं ॲप लावून बघा. जुन्या तबकड्या आणि कॅसेटवरून आलेला आवाज नेमक्या स्वरावर क्वचितच असतो. २०–४० सेंट इकडेतिकडे असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). वेग ३ टक्के बदलला की सूर साधारण ५१ सेंट सरकतो, ६ टक्क्यांना जवळजवळ पूर्ण अर्धस्वर. ३ टक्क्यांपर्यंत सरळ वेग बदला, माणसाचा आवाज बिघडत नाही. त्यापुढे गेलात तर गाणारा माणूस बदलल्यासारखा वाटतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ३३⅓वर लावली तर सूर सुमारे ५२० सेंटने उतरतो, म्हणजे पाच अर्धस्वर आणि वर २० सेंट. हे वरचे २० सेंट लोक विसरतात आणि मग 'पंचमाला तर बसवलंय, तरी कच्चं का लागतंय' म्हणून डोकं खाजवत बसतात. सॉफ्टवेअरची वेग न बदलता सूर हलवणारी सोय दोन अर्धस्वरांच्या आत वापरा. पुढे आवाजाला पत्र्यासारखा कंप येतो.

बोलण्याला सहसा सूर लावावा लागत नाही. अपवाद प्रवचन, लिलाव आणि फलाटावरच्या उद्घोषणा. ही मंडळी एका ठरावीक स्वरावर बोलतात. तो स्वर शोधून तळाशी जुळवलात तर प्रवचनकार गायला लागतो. 'चिल आउट'मधल्या प्रवचनात ही गंमत आहे. त्याचा चढता आवाज वाद्यासारखा वापरलाय, मजकूर ऐकवण्यासाठी नव्हे.

रेकॉर्डमधला खरा गोंद मात्र पेडल स्टील गिटार आहे. ती वाजवली ग्रॅहम ली याने, ऑस्ट्रेलियातल्या 'द ट्रिफिड्स' बँडचा वादक. हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यधुनांमुळे हवाईयन गिटार आपल्या ओळखीची आहे. पेडल स्टील ही तिचीच धाकटी बहीण. तारेवरून सळई सरकते, त्यामुळे तिला पडदे आडवे येत नाहीत. दोन वेगळ्या सुरांतली सॅम्पल्स मागेपुढे आली की मधल्या मींडेतून ती एका सुरातून दुसऱ्यात उतरते आणि सांधा दिसत नाही. सॅम्पलनेच सॅम्पलला जोडायला गेलात तर हे जमत नाही. तुमच्याकडे स्टील गिटार नसेल तर स्लाइड, सारंगी, फ्रेटलेस बास, अगदी पिच-बेंड लावलेला सिंथही चालेल. अट एकच, ते वाद्य तुम्ही स्वतः वाजवलेलं असावं आणि सरकणारं असावं. पियानो इथे उपयोगाचा नाही.

दुसरी चावी अंतराची. रेकॉर्डवर शीर्षकं १४ आहेत आणि ती मिळून एक प्रवास होतो: टेक्सासच्या सीमेवरचं ब्राउन्सव्हिल, मग रिकार्डो, लेक जॅक्सन, बोमाँट, आणि लुइझियानातलं बॅटन रूज. रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर, एका रात्रीत. ड्रमंडने नंतर सांगितलं की तो या गावांना कधी गेलाच नव्हता, नकाशा बघून कल्पना केली. एल्व्हिसचं 'इन द घेटो' येतं त्या भागाच्या शीर्षकातच 'ऑन द रेडिओ' असे शब्द आहेत, आणि व्हॅन हेलनचं 'इरप्शन' येतं तिथेही 'रॉक रेडिओ'. म्हणजे ही गाणी तुमच्यासमोर वाजत नाहीत, कुठल्यातरी रेडिओवर लागली आहेत आणि तुम्ही शेजारून जाताय. ही एक कल्पना पकडली की कुठलं सॅम्पल किती मोठं ठेवायचं हा प्रश्न आपोआप सुटतो: ते किती लांब आहे ते ठरवा.

लांबचा आवाज म्हणजे नुसता लहान आवाज नव्हे. लांब जाताना आधी वरचे स्वर जातात, मग स्टिरिओचा पसारा आक्रसतो, आणि मूळ आवाजापेक्षा प्रतिध्वनीचं प्रमाण वाढतं. रेडिओसाठी ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या बाहेरचं कापा आणि मोनो करा. लांबच्या गावासाठी लो-पास (वरचे स्वर कापणारा फिल्टर) ८०० हर्ट्झवर ठेवा. गाडी जवळ येतेय असं दाखवायचं तर ४०–६० सेकंदांत तो ८००वरून ६,००० पर्यंत उघडा, त्याच वेळी रिव्हर्ब (प्रतिध्वनी) कमी करा, आणि फेडर सर्वांत शेवटी वर न्या. बाहेर जाताना उलट क्रम, पण दीडपट वेळ घेऊन. नवशिक्यांचे फेड जवळजवळ नेहमी ८–१० सेकंदांचे असतात. या प्रकारच्या तुकड्यात ते कोणीतरी दार आपटल्यासारखे ऐकू येतात.

पातळ्यांचा अंदाज हवा असेल तर: तळ सरासरी उणे २६ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), त्याच्यावर बोलणं किंवा गाणं ६–८ डेसिबल जास्त, आणि पाऊस, किडे, वारा असे पोत तळापेक्षा १० डेसिबल कमी. अर्थ असलेली गोष्ट एका वेळी एकच. दोन माणसं एकाच वेळी बोलली तर कान दोघांनाही सोडून देतो. दोन ठेवायचीच असतील तर एकाचा आवाज १,००० हर्ट्झवर कापा. मग ते बोलणं राहत नाही, नुसती कुजबुज राहते.

रेल्वेचा आवाज सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यांत जास्त घोळही तोच घालतो. पहिला घोळ भोंग्याचा. ताशी ९० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना मूळ स्वरापेक्षा साधारण १३० सेंट वर आणि लांब जाताना १२० सेंट खाली ऐकू येतो, म्हणजे समोरून जाताना तो अडीच अर्धस्वर घसरतो. असा घसरणारा भोंगा तळाशी जुळवताच येत नाही. एक तर गाडी जवळ यायच्या आधीचा स्थिर भाग जुळवा आणि घसरण तशीच सोडून द्या, नाहीतर उभ्या गाडीचा भोंगा वापरा. दुसरा घोळ ठेक्याचा. १३ मीटर लांबीच्या रुळांच्या सांध्यांवरून गाडी ताशी ६० किलोमीटरने गेली की मिनिटाला ७७ खटके पडतात. मुख्य मार्गांवर आता बहुतेक रूळ सलग जोडलेले असतात, पण यार्डात आणि काट्यांवर खटके येतातच. ठेका काढून टाकल्याचं समाधान मानत असताना रूळ ठेका देत बसतात, आणि त्यावर वेगळ्या लयीचं गाणं आलं की सगळं लंगडतं. खटक्यांचा भाग एकटाच वाजू द्या. अशा वेळी वर गाणं नको.

आणि सगळ्यांत न कळणारा घोळ: विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. फलाटावरच्या दिव्यांजवळ, पंख्याखाली किंवा सदोष केबलने रेकॉर्ड केलेल्या आवाजात ५०, १०० आणि १५० हर्ट्झची बारीक रेघ असते. तुमच्या तळातला डी १४६.८ हर्ट्झवर आहे. त्याच्याशेजारी १५० आलं की सेकंदाला तीन हेलकावे पडतात. ऐकणाऱ्याला कळत नाही काय बिघडलंय, फक्त तळ अस्वस्थ वाटतो, आणि माणूस सिंथ बदलत राहतो. उपाय दोन. एक, त्या तिन्ही जागी अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच रेघ कापणारा) लावा. दुसरा जास्त मजेशीर: सगळा तळच ३७ सेंटने वर चढवा. मग डी १५०वर जाऊन बसतो, ५० हर्ट्झ हा त्याच्या हिशेबात जी होतो, आणि गुणगुण सुरात मिसळून जाते. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण ६० हर्ट्झची असते, तिथे हा हिशेब चालणार नाही.

रेकॉर्ड करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास, माइकला लोकरीचं आवरण. एका जागी किमान ५ मिनिटं, तोंडातून शब्द न काढता. २० सेकंदांच्या क्लिपा पन्नास आणल्यात तर त्यांचं काही होत नाही, कारण दीड मिनिटाचा फेड द्यायला मुळात तेवढा आवाजच नसतो. वाऱ्याचा धबधबा १०० हर्ट्झच्या खाली असतो, म्हणून तळ सोडून प्रत्येक गोष्टीवर ८०–१०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा.

याच्या शेजारी ऑर्ब या ब्रिटिश गटाचं 'लिटल फ्लफी क्लाउड्स' हे गाणं ठेवून ऐका. तेही १९९०चंच, ॲलेक्स पॅटरसन आणि 'यूथ' नावाचा संगीतकार यांचं. तिथे ठेका आहे, स्टीव्ह राइकच्या 'इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट'मधली पॅट मेथेनीची गिटार लयीत कापून बसवली आहे, एन्यो मोरिकोनेचा माउथ ऑर्गन आहे, आणि वर रिकी ली जोन्सच्या मुलाखतीतलं लहानपणीच्या आकाशाचं वर्णन. तिथे सॅम्पल प्रवासात दिसत नाही, तेच गाण्याचं धृपद होतं. त्या पद्धतीत लय जुळवणं आधी आणि सूर नंतर. दोन्ही रेकॉर्डना ॲम्बियंट हाउसच म्हणतात, पण एकाची युक्ती दुसऱ्यात लावली की फसते. तुम्हाला सलग ४० मिनिटं हवी आहेत, तेव्हा धृपदाचा मोह टाळा: कुठलंही ओळखीचं वाक्य दुसऱ्यांदा आलं की प्रवास थांबतो.

हक्कांबद्दल थोडं, कारण हे विचारलं नसलं तरी लागणार आहे. केएलएफची मंडळी जस्टिफाइड एन्शंट्स ऑफ मू मू या नावाने काम करत असताना १९८७मध्ये ॲबाच्या 'डान्सिंग क्वीन'च्या सॅम्पलवरून त्यांना पहिला अल्बम मागे घ्यावा लागला होता. १९९२मध्ये त्यांनी संगीत सोडलं आणि सगळा जुना साठा स्वतःच बाजारातून काढला. २०२१मध्ये 'चिल आउट'चं नवं रूप 'कम डाउन डॉन' या नावाने आलं, परवानगी नसलेली बरीच सॅम्पल्स वगळून, आणि प्रवासही बदलून ब्रुकलिन ते मेक्सिको सिटी झाला. दोन्ही लागोपाठ ऐका. ओळखीची गाणी गेली तरी तुकडा कोसळत नाही. तळाबद्दल वर लिहिलं ते इथे कानाने पटेल.

'सात सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम कायद्यात नाही. एका सॅम्पलला दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाची, आणि मूळ चाल-शब्दांची. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, पण चाल आणि शब्दांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९५०च्या दशकातली तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातलं गाणं मोकळं झालं असेलच असं नाही. शिवाय ऑनलाइन टाकलेला तुकडा एका देशापुरता राहत नाही. अमेरिकेत १९५७ ते फेब्रुवारी १९७२ या काळातली ध्वनिमुद्रणं २०६७पर्यंत संरक्षित आहेत, १९६९चं 'इन द घेटो' त्यातच येतं. स्वतःच्या रेकॉर्डिंगवर तुकडा उभा करायचा तुमचा विचार म्हणूनच शहाणपणाचा आहे. फक्त मागे कुठे चहाच्या टपरीवर गाणं वाजत असेल तर तेही सॅम्पलच, हे ध्यानात ठेवा. अपलोड केल्यावर ओळखणारी यंत्रणा ते पकडते.

शेवटचं मिक्स दोन प्रकारे तपासा. एकदा मोनोमध्ये: तळ पातळ पडला तर स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट २०० हर्ट्झच्या खाली काम करतोय, तो तिथून काढा. एकदा फोनच्या स्पीकरवर अगदी हळू आवाजात: तळाचा खर्ज तिथे ऐकूच येणार नाही, म्हणून १५० ते ६०० हर्ट्झमध्येही त्याचा काही अंश हवा, नाहीतर फोनवर तुमची सॅम्पल्स हवेत लोंबकळतात. एकूण पातळी उणे १८ लफ्सपर्यंत पुरे, शिखर उणे १ डेसिबल. लिमिटरने (मोठे आवाज दाबणाऱ्या सोयीने) दाबून जोर आणू नका. दाबलं की लांबच्या गोष्टी जवळ येतात आणि एवढं बांधलेलं अंतर एका फटक्यात सपाट होतं.

फाइल एकच सलग ठेवलीत तर उत्तम. तुकड्याचे भाग पाडून नावं द्यायचीच असतील तर एमपी३ टाळा, कारण त्यात प्रत्येक फाइलच्या टोकाला कोरी जागा भरली जाते आणि जोडावर खाच पडते. फ्लॅक किंवा वेव्ह वापरा. सीडी काढायची असेल तर फाइल ४४.१ किलोहर्ट्झला आणून मग कापा, आणि प्रत्येक काप ५८८ नमुन्यांच्या (सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेल्या आवाजाच्या मोजमापांच्या) पटीत ठेवा. सीडीवरची एक फ्रेम तेवढीच असते. काप पटीत नसला तर बर्न करणारं सॉफ्टवेअर उरलेली जागा शून्याने भरतं, आणि चालत्या गाडीत मध्येच टक् असा आवाज येतो.